जुन्या स्विफ्टवर दीड लाख खर्चायचे आहेत, पण कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय, सेकंडहँड घेतलेली, काटा ९२ हजार किलोमीटरवर. आठवडाभर पुण्यात वाकड ते हिंजवडी आणि सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा घाट नाहीतर महाबळेश्वर. दीड लाख रुपये बाजूला काढलेत. यादीत ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर, शंकूसारखा उघडा एअर फिल्टर म्हणजे कोन फिल्टर, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि १७ इंची अलॉय चाकं. विचारलंत ते एवढंच, की कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर. आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकलीत: गाडी ऐंशीच्या पुढे थरथरते, घाटात वळणावर झोका देते आणि चढाला दम टाकते.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. यादीतली पाचही कामं गाडी मुळात धडधाकट आहे असं धरून चालतात. तुमची आज तशी नाही. कंपनीतून निघाली तेव्हा ही गाडी वळणावर झोका देत नव्हती, ऐंशीला थरथरत नव्हती. म्हणजे तुम्हाला जे विकत घ्यायचंय त्यातलं बरंचसं गाडीत आधीच होतं, ते झिजून गेलंय. छोट्या गाड्यांचं काम मी बरीच वर्षं करतोय. मॉडिफिकेशनसाठी आलेल्या गाडीचे नुसते बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), शॉकअप आणि टायर बदलून दिले की मालक पुन्हा यादी घेऊन येतच नाही, असं बऱ्याचदा होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवणार आहात का? घरात ही एकच गाडी आहे का? मागच्या सीटवर आई-वडील बसतात का? आणि सोसायटीच्या फाटकात गतिरोधक किती उंच आहे? हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी असं धरतो की गाडी एकच आहे, ठेवायची आहे आणि घरचेही तीच वापरतात. दुसरी गाडी असेल तर खालची काही मतं थोडी सैल करता येतील, विशेषतः स्प्रिंगबद्दलचं.

थरथरीपासून सुरू करू, कारण ती शोधायला पैसे लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ऐंशी-पंच्याऐंशीला गाडी न्या आणि तोच वेग ठेवून पाचवा गिअर काढून चौथा टाका. इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढले तरी थरथर तशीच राहिली, तर दोष चाकात आहे: बॅलन्सिंग, वाकडी रिम, नाहीतर टायरला आलेला फुगा. आरपीएमबरोबर थरथर बदलली तर इंजिन माउंटिंग बघायचं. आणि फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर डिस्क बघायची. पुण्यातल्या पावसाळी खड्ड्यांत रिमची आतली कड वाकते. बाहेरून काही दिसत नाही आणि बॅलन्सिंगवाला वजनं चिकटवत राहतो. एकाच चाकाला वजनांची रांग लागली असेल तर त्याला चाक मशीनवर नुसतं फिरवून दाखवायला सांगा. कड लचकताना डोळ्यांनी दिसते.

आता झोका. पुढचा भाग जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. चाकाला वर आणि खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड. मग लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशमध्ये टामी, म्हणजे लोखंडी पहार, अडकवून हळूच रेटा. चांगल्या बुशचं रबर ताणलं जातं आणि टामी सोडली की जागेवर येतं. गेलेल्या बुशमध्ये रबर आणि मधली लोखंडी नळी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी फट उघडते, कधी रबराचा काळा भुगा हातावर पडतो. ९२ हजारांना ही फट निघालीच तर मला नवल वाटणार नाही. ब्रेक मारल्यावर किंवा वळण घेतल्यावर चाक काही मिलिमीटर मागे-पुढे सरकतं, आणि तुम्हाला ते "गाडी ऐकत नाही" असं जाणवतं. अलाइनमेंट कितीही वेळा करून घ्या, ती टिकत नाही.

शॉकअपची परीक्षा लोक बोनेट दाबून घेतात. पार संपलेला शॉकअप त्यात कळतो, अर्धा गेलेला नाही. मी तीन गोष्टी बघतो. दांड्यावर तेलाचा ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ, हे एक. टायरची नक्षी थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झालीये का, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे लागोपाठच्या दोन छोट्या गतिरोधकांवरून गेल्यावर मागची बाजू किती वेळा उठाबशा काढते. शॉकअप बदलायचे तर जोडीने, आणि पुढचे खोलताच आहात तर वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग आणि बंप स्टॉपही (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर) नवीन टाका. मजुरी एकदाच लागते. लिंक रॉड आणि स्टॅबिलायझर बुश स्वस्त असतात, तेही त्याच वेळी करा. नाना पेठेत या गाडीचं सगळं मिळतं, पण तिथे एकाच भागाचे तीन दर्जे एकाच काउंटरवर असतात. लोअर आर्म आणि ब्रेकच्या बाबतीत घासाघीस करून खालच्या दर्जावर उतरू नका.

राहिला दम. इथे थोडं गणित आहे आणि ते पुणेकरांनी समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतील. तुमच्या स्विफ्टचं १.२ लिटरचं इंजिन टर्बो नसलेलं आहे. साधारण ८४ ते ८७ पीएस (अश्वशक्ती). जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ११४ न्यूटन मीटरच्या आसपास, तोही ४००० आरपीएमला, आणि पूर्ण ताकद ६००० ला. असं इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावर जगतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. वर हवा विरळ होते, आणि ढोबळमानाने दर शंभर मीटरला एक टक्का ताकद जाते. म्हणजे महाबळेश्वरला पोचेपर्यंत कागदावरच्या आकड्यातले बारा-तेरा टक्के कमी झालेले असतात. त्यात चार माणसं, सामान आणि चालू एसी. गाडीत काहीही बिघाड नसताना ती तिथे मंद वाटणारच.

दुसरी गोष्ट चालवण्याची. ॲव्हरेज सांभाळण्याच्या सवयीने आपण घाटातही दोन हजार आरपीएमला तिसरा-चौथा रेटतो. या इंजिनात त्या आरपीएमला फारसं काही नाही. चढाला दुसऱ्यात उतरा, काटा साडेतीन ते पाच हजारांत ठेवा आणि मग सांगा. इंजिन गरम झालेलं असेल आणि तेल चांगलं असेल तर पाच हजारांना त्याला काहीही होत नाही, ते त्यासाठीच बनलंय. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी शेजारी बसवून घेतो आणि पाषाणहून चांदणी चौकाकडे चढतो. तेवढ्यात कळतं.

एवढं करूनही चढाला गाडी जड वाटत असेल तर दोन ठिकाणी बघा. एक, ब्रेक धरून राहिलेत का. वीसेक मिनिटं गाडी चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक कॅलिपरची पिन जाम झालीये किंवा मागचा ड्रम जास्त आवळलाय. दोन, क्लच. चौथ्यात चाळीसच्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळले आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतेय. मग रीमॅपचे पैसे तिकडे वळवा. एअर फिल्टर, प्लग आणि थ्रॉटल बॉडीची सफाई ही तर नेहमीच्या सर्व्हिसिंगची कामं. आधीच्या मालकाने केली असतील यावर विसंबू नका.

आता तुमच्या यादीतली इंजिनची तिन्ही कामं एकत्र घेतो, कारण तिन्हींबद्दल माझं मत एकच आहे: या इंजिनावर नको.

टर्बो इंजिनात रीमॅपने टर्बोचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक मोठा पडतो. तुमच्या इंजिनात वाढवायला दाबच नाही. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं पुढे घेता येतं, इंधनाचं मिश्रण थोडं बदलता येतं, ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद तीक्ष्ण करता येतो. हाती येतात ते चार-पाच पीएस. ॲक्सिलरेटर अर्धा दाबल्यावर जे पूर्वी मिळायचं ते आता पाव दाबल्यावर मिळतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी उडायला लागली. शिवाय टायमिंग पुढे घेतलं की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर भर उन्हाळ्यात चढाला नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन खडखडण्याचा, धोका. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायम भरणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग त्या चार-पाच पीएसची किंमत दर महिन्याला मोजत राहाल.

कोन फिल्टर उघडा बोनेटखाली बसवला की तो इंजिनाच्या उष्णतेतली हवा ओढतो. कंपनीची नळी बाहेरची गार हवा आणत असते. विद्यापीठ चौकात सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिल्यावर बोनेटखाली काय तापमान होतं ते तुम्हाला माहीत आहे. गरम हवा म्हणजे विरळ हवा, म्हणजे महाबळेश्वर घरी आणण्यासारखं. आवाज मात्र छान येतो, ते कबूल. कागदाचा मूळ फिल्टर वेळेवर बदला, बस.

सायलेन्सरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे कायदा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर १९० व्या कलमाखाली दंड १० हजारांपर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. आपल्याकडे पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवतात, त्यात बहुतेक बुलेटचे असतात, पण गाडीवाल्याला सूट आहे असं समजू नका. फ्री-फ्लोच्या नावाखाली काही ठिकाणी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच कापून टाकतात. ते अजिबात करू देऊ नका. ऑक्सिजन सेन्सरमुळे चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसीला अडचण येते आणि कन्व्हर्टरच्या जाळीतल्या मौल्यवान धातूंचे पैसे भलताच माणूस खिशात घालतो. या सगळ्याच्या बदल्यात या इंजिनावर मिळतं काय? आवाज. रात्री अकराला सोसायटीत शिरताना तोच आवाज तुम्हाला नको होईल.

आता जिथे पैसे खर्च करावेत असं मला मनापासून वाटतं तिथे येतो: टायर.

व्हीएक्सआयला कंपनीने १६५/८० आर१४ टायर दिले. त्याच पिढीच्या झेडएक्सआयला, म्हणजे वरच्या मॉडेलला, १८५/६५ आर१५. दोन्हींचा बाहेरचा व्यास काढून बघा. पहिल्याचा साधारण ६२० मिमी, दुसऱ्याचा ६२१-६२२. म्हणजे काटा खरा राहतो, गिअरिंग बदलत नाही, चाकाच्या कमानीत काही घासत नाही, आणि टायर वीस मिलिमीटरने रुंद होतो. शिवाय हे माप कंपनीने स्वतः याच बॉडीवर दिलेलं आहे, त्यामुळे कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर आहे. तुमच्या यादीतलं १७ इंची चाकही २०५/४५ आर१७ घेतलं तर व्यासात बसतं, ६१६ मिमीच्या आसपास. पण त्यात टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची उरते ९२ मिमी, जिथे आता तुमच्याकडे १३२ आहे. चाळीस मिलिमीटर रबर गेलं म्हणजे खड्ड्याचा मार थेट रिमवर, बुशवर आणि तुमच्या कमरेवर. त्यात मोठं चाक आणि रुंद टायर मिळून वजन वाढतं. ८५ पीएसच्या इंजिनाला ते फिरवायला आणि थांबवायला जास्त कष्ट पडतात, म्हणजे ज्या पिकअपसाठी तुम्ही तडफडताय तोच कमी होतो. वाकड-हिंजवडी रस्त्याची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको.

१५ इंची अलॉय घेताना दुकानात रंग आणि डिझाइनवरच अर्धा तास जातो. त्याऐवजी या गोष्टी विचारा. बोल्टचं वर्तुळ चार बाय शंभर, म्हणजे चार बोल्ट, शंभर मिमीच्या वर्तुळावर. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा) मूळ चाकाच्या जवळपासचा; तो आकडा रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. मधलं भोक. स्विफ्टचं हब ५४.१ मिमीचं आहे आणि बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मोठं असतं, मधल्या फटीसाठी रिंग येते. ती घेतली नाही तर चाक केवळ नटांवर तोललं जातं आणि ऐंशीची थरथर नव्या चाकांसकट परत येते. आणि नट. सुझुकीचे आटे १२ बाय १.२५ चे, टोयोटा-ह्युंदाईचे १२ बाय १.५ चे. दिसायला सारखेच. घाईत पोराने चुकीचा नट एअर गनने ठोकून बसवला की स्टडचे आटे गेले. म्हणून पहिले दोन-तीन वेढे हाताने फिरवायला लावा, शेवटी टॉर्क पान्याने आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टायरची जन्मतारीख भिंतीवर असते. लंबगोलात चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि ताम्हिणीच्या पावसात ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे. घाटात फिरणाऱ्याने ती गाठू नये, तीन मिमीला टायर उतरवावेत. नवीन घेताना टिकाऊपणावर नाही, ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर घ्या. "साहेब, साठ हजार चालतात" असं दुकानदार कौतुकाने सांगतो ते टायर बऱ्याचदा कडक रबराचे असतात. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी, गार टायरमध्ये. माप बदललंत तर झेडएक्सआयच्या पट्टीवरची.

ब्रेकबद्दल लोक मोठी डिस्क लावू का विचारतात. हजार किलोच्या आतल्या गाडीला, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, हे पुरेसं आहे, फक्त ते पूर्ण चालत असलं पाहिजे. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषून मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. वरंध्याचा लांब उतार सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की कॅलिपर एवढा तापतो की आतल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डबीवर डॉट ५ लिहिलेलं असेल तर ती सिलिकॉनची, वेगळी जात आहे, ती यात मिसळायची नाही. सोबत चांगले पॅड, मागच्या ड्रमचे लायनर साफ आणि ॲडजस्ट, कॅलिपरच्या पिनांना त्यांचंच ग्रीस. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर लावून मोजायला सांगा. आणि उतरताना गिअर तोच ठेवा ज्यात चढला असता.

लोअरिंग स्प्रिंग. गाडीची जमिनीपासूनची उंची कागदावर १७० मिमी. तीस-चाळीस कमी केलेत तर १३० ते १४० उरते, ती रिकाम्या गाडीची. चार माणसं बसल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या गल्ल्यांतले गतिरोधक आठवा. पण उंचीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी आहे. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगच्या जोराला जुळवलेला असतो. आखूड, कडक स्प्रिंग टाकली की तो तिला आवरू शकत नाही, आणि त्याच्या प्रवासातला काही भाग आधीच संपलेला असल्याने बंप स्टॉपवर आपटायला लागतो. घाटातल्या वळणात नेमका खड्डा आला तर पुढचं चाक रस्ता सोडतं. म्हणून जोडी घ्यायची तर शॉकअप आणि स्प्रिंग एकमेकांसाठी बनवलेली, आणि उंची पंधरा-वीस मिमीच्या पुढे कमी न करता. ग्राइंडरने स्प्रिंग कापून देणारे आहेत, त्यांच्या दारात उभं राहू नका. तुमच्या वापराला मी नवे मूळ दर्जाचे शॉकअप आणि १५ इंची चांगले टायर एवढंच सुचवेन. हे झाल्यावर दोन-तीन घाट फिरा, मग स्प्रिंगची गरज वाटते का बघा. बोनेटखाली दोन्ही शॉकअपची वरची टोकं जोडणाऱ्या रंगीत दांड्याबद्दल, म्हणजे स्ट्रट बारबद्दल, कोणी ना कोणी विचारेलच: सुंदर दिसतो.

न विचारलेलं एक सांगतो. रात्री घाट करता तर हेडलाइट बघा. दहा वर्षांत काच पिवळी पडते, ती घासून पॉलिश करा, ५५-६० वॉटचे चांगले बल्ब टाका आणि रिले लावून थेट बॅटरीवरून वीज द्या. शंभर वॉटचे बल्ब होल्डर वितळवतात. हॅलोजनसाठी बनलेल्या आरशात स्वस्त एलईडी टाकलं की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या रस्त्यावर कमी पडतो.

पैशांचं म्हणाल तर माझी मांडणी अशी. पहिला हप्ता सस्पेन्शन, ब्रेक आणि सगळी राहिलेली सर्व्हिसिंग, क्लच निघाला तर तोही यातच. दुसरा १५ इंची चाकं आणि टायर. अलॉय न घेता झेडएक्सआयच्या मापाच्या लोखंडी रिम घेतल्यात तरी चालण्यात काही उणं नाही, आणि खड्ड्यात वाकल्या तर सरळ करून मिळतात. क्लच, रिम आणि ब्रँड यांवर आकडा हलेल, पण या दोन्हींनंतरही दीड लाखातले बरेचसे उरायला हवेत. ते उरू द्या. सगळं एकाच आठवड्यात करू नका, नाहीतर कशाने काय बदललं ते कळणार नाही आणि काही बिघडलं तर कुठे शोधायचं तेही.

एवढं करूनही ताकदच हवी असेल तर ती या गाडीत ओतण्यापेक्षा उरलेले पैसे आणि या गाडीची किंमत मिळून टर्बो गाडी बघा. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. पण तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स ट्रॅफिकमध्ये तापलेला असू शकतो, तो तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. बलेनो आरएस कमी दिसते, पण सुटे भाग मिळायला सोपी. रांजणगावची १४५ पीएसची पुंटो अबार्थ म्हणजे प्रेमात पडलेल्या माणसाचं काम, सुट्या भागांसाठी वणवण आलीच. टर्बोवर रीमॅपला अर्थ आहे. मात्र तिथेही आधी बुश, टायर, ब्रेक हीच वाट.

देखभालीचं थोडक्यात. इंजिन ऑइल दहा हजार किंवा वर्ष, जे आधी येईल ते. तुम्ही घाटात खेचणार असाल तर मी साडेसात हजारांना बदलेन. या इंजिनात टायमिंग चेन आहे, बेल्टसारखी तिची ठरलेली मुदत नसते, पण घाणेरड्या तेलाने तीच आधी सैल पडते. गार इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद समोरून खळखळ येत असेल तर ते ऐकून सोडून देऊ नका. गिअर ऑइल बदललंय असं सांगणारा सेकंडहँड मालक मला क्वचितच भेटतो. तेही बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. जीएल-४ च्या जागी "जास्त भारी" म्हणून जीएल-५ टाकलं तर त्यातली काही रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना खातात. पावसाळ्याआधी वायपरखालच्या जाळीतला पाला काढा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथली पाण्याची वाट तुंबते आणि पाणी पायाखालच्या गालिच्यात येतं. आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बोनेटखालच्या वायरी आठवड्याला एकदा नजरेखालून घाला.

चाकांचं माप बदललंत, अलॉय लावलेत तर विमा कंपनीला मेलवर लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. हप्ता थोडा वाढेल. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने न कळवलेला बदल काढून दाखवण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

शेवटी, काम कोणाकडे द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण काढलेले जुने भाग परत मागा आणि बिलावर भागांचे क्रमांक लिहून घ्या. बुश बदलल्यावर त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. हवेत लटकलेल्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. सस्पेन्शनचं सगळं झाल्यावर अलाइनमेंट करा आणि आधीची व नंतरची, दोन्ही छापील शीट घ्या. पुढच्या दोन्ही चाकांच्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर झुकण्यात) मोठा फरक दिसला तर नवे टायर बसवण्याआधीच इथे टाका. लोअर आर्म वाकलाय की गाडी आधी कुठे आपटलीये, हे त्या आकड्यांवरून बरंचसं सांगता येतं.